रामशेजचा वेढा: माऊस की हेडसेट?

रिअल टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजेच आरटीएस, या प्रकारच्या संगणकीय खेळात घड्याळ कोणासाठी थांबत नाही. बुद्धिबळात एकाची खेळी झाली की दुसऱ्याची पाळी येते. इथे दोन्ही बाजू एकाच वेळी हालचाली करत असतात. खेळाडू रणभूमीकडे वरून पाहतो. लाकूड, अन्न, सोने गोळा करायला माणसे लावतो, बराकी बांधतो, सैन्य उभे करतो आणि ते शत्रूवर धाडतो. हे सगळे एकाच वेळी चालते, आणि खेळाडूची नजर जिथे नसते तिथे हमखास काहीतरी बिघडत असते.

या प्रकाराचा साचा 1992 च्या ‘ड्यून 2’ या खेळाने पक्का केला. पाठोपाठ 1994 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’, 1995 मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’, 1997 मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ आणि 1998 मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आला. 1999 चा ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंत आणि इंजिनीअरिंगच्या होस्टेलांत पुढची कितीतरी वर्षे लॅनवर खेळला गेला, आणि त्याची नवी आवृत्ती आजही खेळली जाते. मराठ्यांची सत्ता हाती घेऊन खेळायची सोय 2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मिळाली, मात्र त्यात लढाया तेवढ्या सलग वेळेत चालतात, राज्यकारभार पाळीपाळीने. त्यामुळे तो खेळ या प्रकाराचा सख्खा नसून चुलत भाऊ म्हणावा लागेल.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे व्हीआर, हे तंत्र आरटीएसच्या अगदी उलट टोकाचे. डोक्यावर हेडसेट चढवला की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात, मान वळेल तसे दृश्य वळते, आणि आपण त्या जागी उभे आहोत असे शरीराला वाटू लागते. आरटीएस माणसाला रणभूमीच्या वर नेऊन बसवते, व्हीआर त्याला एका जागी उभे करते. या दोघांचे जुळते का, हा प्रश्न ‘ऑक्युलस रिफ्ट’ 2016 मध्ये बाजारात आल्यापासून चर्चेत आहे आणि त्यावर खेळ बनवणाऱ्यांतही एकमत नाही.

वाद मांडण्यासाठी दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत. एक काका: तोफखान्यातून निवृत्त झालेले, देवळालीत प्रशिक्षक म्हणून काम केलेले. दुसरी त्यांची पुतणी: संगणक अभियंता, आरटीएस खेळांत मुरलेली. अपेक्षा अशी असेल की तरुण मुलगी हेडसेटच्या बाजूने बोलेल आणि काका नाक मुरडतील. प्रत्यक्षात पक्ष उलटे आहेत, आणि त्याला कारणही आहे. दोघांपुढे उदाहरण एकच: रामशेजच्या वेढ्यावर खेळ बनवायचा झाला तर तो पडद्यावर बनवावा की व्हीआरमध्ये?

रामशेज हा नाशिकजवळ, पेठ रस्त्याच्या बाजूचा लहानसा किल्ला. पायथ्याला आशेवाडी. त्याच्या भोवती सह्याद्रीतल्या बड्या किल्ल्यांसारखे दाट रान किंवा दुर्गम दऱ्या नाहीत. माळावर उभा असलेला सुटा डोंगर. औरंगजेबाने दख्खनेत उतरल्यावर 1682 मध्ये शहाबुद्दीन खानाला त्यावर पाठवले. किल्ला काही दिवसांत पडेल असा हिशेब होता. तो पाच-सहा वर्षे झुंजला. शहाबुद्दीन खान हटला, खानजहान बहादूर आला. तोही हटला, मग कासीम खान आला. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफी खान लिहितो की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, पण दारूगोळा भरपूर होता. किल्लेदाराने झाडांची खोडे पोखरून, त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या आणि त्या दहा तोफांचे काम करत होत्या. मोगलांनी किल्ल्यात मारा करता यावा म्हणून लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे बुरूज, उभारला. तोही पुरेसा ठरला नाही.

खाफी खानाने सांगितलेला एक प्रसंग या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. खानजहान बहादुराने एका बाजूला तोफखाना, सैन्य आणि छावणीतले बाजारबुणगे जमवून रात्री मोठा गलका करायला लावला, आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसे दोरांवरून गुपचूप वर चढवली. किल्लेदार त्याहून हुशार निघाला. गलक्याच्या बाजूला त्याने वाद्ये आणि आरडाओरडा करणारी माणसे ठेवली, आणि शांत बाजूला कड्यावर हत्यारबंद माणसे चिडीचूप बसवली. पहिले दोघे वर डोके काढताच त्यांच्या डोक्या-तोंडावर असे घाव बसले की ते खाली कोसळले. मागचेही खाली गेले.

काकांचा पहिला मुद्दा त्यांच्या धंद्यातून येतो. “अगं, लढाईचा विचार आम्ही सपाट कागदावर कधी पुरा केलाच नाही. नकाशा असायचाच, पण ऑर्डर द्यायच्या आधी सँड मॉडेल करायचं. जमिनीवर चौकट आखायची, सुतळीने नकाशाचे चौकोन पाडायचे, वाळूचे डोंगर करायचे, रंगवलेला भुसा टाकून रान दाखवायचं, नदीला निळी पट्टी. मग सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. प्रत्येकाने आपल्या जागेवरून वाकून बघायचं की मला काय दिसतं नि काय दिसत नाही. तुमचा हेडसेट मला दुसरं काय देतो? न संपणारं, न मोडणारं सँड मॉडेलच ना?”

हा युक्तिवाद हौशी नाही. रणभूमीची छोटी प्रतिकृती करून तिच्याभोवती उभे राहण्याची पद्धत जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून रूढ झालेला राइसविट्झचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळही टेबलावरच मांडला जाई, आणि आजच्या सगळ्या युद्धखेळांची वंशावळ तिथवर जाते. व्हीआरमधल्या आरटीएसनेही बहुतेक वेळा हाच मार्ग धरला. 2016 चा ‘एअरमेक कमांड’ आणि 2018 चा ‘ब्रास टॅक्टिक्स’ हे दोन्ही खेळ मूलतः टेबल आहेत. ‘ब्रास टॅक्टिक्स’मध्ये खेळाडू टेबलापाशी उभा राहतो, टेबल हातांनी पकडून हवे तिकडे ओढतो आणि चावीच्या खेळण्यांसारखे सैनिक हाताने नेमून देतो. तो बनवणाऱ्या ‘हिडन पाथ’ या कंपनीतली माणसे आरटीएसला नवखी नव्हती; ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ची 2013 ची एचडी आवृत्ती त्यांनीच केली होती.

पुतणी हे मान्य करते आणि तिथेच अडवते. “काका, सँड मॉडेल तुम्ही लढाईच्या आधी वापरायचात. लढाई सुरू झाल्यावर त्याच्याभोवती कोण उभं राहायचं?”

काका थोडे थांबतात. “लढाई सुरू झाली की कमांड पोस्ट, वायरलेस नि नकाशा.”

“मग झालं तर. आरटीएस हा लढाई सुरू झाल्यानंतरचा खेळ आहे.”

तिचा आक्षेप नीट समजून घ्यायचा तर आरटीएस खेळणाऱ्याचे हात पाहावे लागतात. उजवा हात माऊसवर. डावा हात कीबोर्डवर, बोटे आकड्यांवर. माऊस तिरका ओढून चौकट काढली की तिच्यातले सगळे सैनिक एकदम निवडले जातात; कंट्रोल आणि 1 दाबले की ती तुकडी क्रमांक एक होते; पुढे कधीही 1 दाबले की ती हाताशी येते आणि दोनदा दाबले की नजर थेट तिच्यावर जाते. कोपऱ्यात मिनीमॅप, म्हणजे अख्ख्या रणभूमीचा छोटा नकाशा, असतो. तिथे लाल ठिपका चमकला की दक्षिणेच्या शेतावर धाड पडली. मिनीमॅपवर एक क्लिक, शेतावरची माणसे इमारतीत, एक क्लिक, परत आघाडीवर. हे सगळे दीड-दोन सेकंदांत. कोरियातले व्यावसायिक ‘स्टारक्राफ्ट’ खेळाडू मिनिटाला तीनशेच्या घरात क्रिया करतात. सामान्य खेळाडू पन्नास-साठ तरी करतोच.

“या खेळात खरी टंचाई सोन्याची नसते, लक्षाची असते,” पुतणी म्हणते. “समोरचा मला चार ठिकाणी ओढतो आणि मी पाचव्या ठिकाणी चुकते. हेडसेट तर माझं लक्ष एका जागी बांधून ठेवायला जन्मलाय. मान वळवल्याशिवाय बाजूचं दिसत नाही. पाठीमागचं तर नाहीच. पडद्यावर मला अख्खा नकाशा एका नजरेत मिळतो, तो तुम्ही काढून घेता आणि म्हणता, घे, तू आता रणभूमीवर आहेस!”

या वादातला कळीचा मुद्दा हाच आहे. बाकीच्या तक्रारी तंत्र सुधारेल तशा कमी होतील. तरी त्या पाहिल्या पाहिजेत, कारण आज हेडसेट विकत घेणाऱ्याला त्याच आधी जाणवतात.

पहिली हाताची. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये दाखवले की एखाद्या लक्ष्यावर हात नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याचे अंतर आणि आकार यांवर ठरतो: लक्ष्य दूर आणि लहान असेल तर वेळ वाढतो. माऊस इथे दोन प्रकारे मदत करतो. मनगट टेबलावर टेकलेले असते आणि चार बोटांइतकी हालचाल केली की बाण पूर्ण पडदा ओलांडतो. व्हीआरमध्ये हात हवेत असतो आणि त्यातून निघणाऱ्या किरणाने सैनिक निवडायचा असतो. हात एक अंशाने हलला तर दोन मीटरवर तो किरण साडेतीन सेंटिमीटर सरकतो. टेबलावरचा शिपाई दोन सेंटिमीटरचा असेल तर तो हुकलाच. शिवाय पंधरा मिनिटे हात उचलून धरला की खांदा बोलायला लागतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा एक रंगलेला सामना सहज तासभर चालतो.

काका याला फार किंमत देत नाहीत. “हातानेच सगळं करायचं असं कुणी सांगितलंय? तोंड कशाला आहे? आमचा ओपी, म्हणजे पुढे टेकडीवर बसलेला निरीक्षक, बोटाने काही दाखवत नसे. गोळा अलीकडे पडला, ‘ॲड 400’. पलीकडे गेला, ‘ड्रॉप 200’. मग ‘ॲड 100’. निम्मं-निम्मं करत लक्ष्यावर आणायचं आणि मग ‘फायर फॉर इफेक्ट’. मागे तोफांवर असलेल्या जवानाला शत्रू दिसतही नसे. तीन-चार शब्दांत अख्खी बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, हलायची.”

आवाजाने हुकूम देण्याची ही कल्पना आजही खेळांत म्हणावी तितकी वापरली गेलेली नाही, आणि काकांचा मुद्दा इथे वजनदार आहे. पण त्यात एक अट दडलेली आहे. तोफखान्यात एका वाक्याने बॅटरी हलते कारण बॅटरीतला प्रत्येक जण शिकलेला असतो. हुकमाचा तपशील तोच भरतो. आरटीएसमधले शिपाई मुद्दाम बिनडोक ठेवलेले असतात. त्यांना अक्कल दिली तर खेळाडूला काम उरत नाही, कारण खेळाडूचे कौशल्य म्हणजेच ती उणीव भरून काढणे. आवाजावर चालणारा खेळ बनवायचा तर शिपाई आधी शहाणे करावे लागतील, आणि मग तो ‘स्टारक्राफ्ट’च्या जातीचा खेळ राहणार नाही.

दुसरी तक्रार डोळ्यांची. 24 इंची, 1920 ठिपके रुंदीचा साधा मॉनिटर 60 सेंटिमीटरवरून पाहिला तर नजरेच्या एका अंशात सुमारे 40 ठिपके बसतात. 2023 चा ‘क्वेस्ट 3’ हा हेडसेट अंशाला सुमारे 25 ठिपके देतो, आणि 2016 चे हेडसेट त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. निरोगी डोळ्याला 60 पर्यंतचा फरक कळतो. लढाईच्या गर्दीत भालाईत कोणता आणि धनुर्धारी कोणता हे ओळखायला हे आकडे महत्त्वाचे. दुसरे असे की हेडसेटच्या भिंगांमुळे डोळ्याचा फोकस एका ठरावीक अंतरावर, साधारण दीड-दोन मीटरवर, बांधलेला असतो. टेबल मात्र अर्ध्या मीटरवर दिसते, म्हणून बुबुळे आत वळतात आणि फोकस मात्र लांबच राहतो. या ओढाताणीने डोळे थकतात, हे बर्कलेच्या संशोधकांनी 2008 मध्ये प्रयोगाने दाखवले. गंमत अशी की काकांचा आवडता उपाय, म्हणजे जवळ वाकून पाहायचे टेबल, नेमका याच दोषाला निमंत्रण देतो. वजनाचे काय? ‘क्वेस्ट 3’ 515 ग्रॅमचा आहे. लढाईचे शिरस्त्राण याहून जड असे, असे काका ऐकवतात. पण ते घालून शिपाई बारीक अक्षरे वाचत नसे.

मळमळ हा तिसरा प्रश्न. पडद्यावर आरटीएस खेळताना नकाशा सारखा सरकत असतो. तोच प्रकार हेडसेटमध्ये केला तर डोळे म्हणतात मी चाललो, कान म्हणतो मी बसलो आहे, आणि पोटात ढवळू लागते. याचे उत्तर मात्र सापडलेले आहे, आणि तेही जुने. 1995 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात रँडी पॉश यांच्या गटाने व्हीआरमध्ये जगाची छोटी प्रतिकृती हातात देण्याची पद्धत मांडली. जग वापरणाऱ्याभोवती सरकण्याऐवजी वापरणाराच छोटे जग हाताने फिरवतो. वस्तू हलते, आपण स्थिर, हे शरीराला पटते. ‘ब्रास टॅक्टिक्स’चे ओढायचे टेबल त्याच घराण्यातले.

आता काकांचा सर्वांत भक्कम मुद्दा: उंची. सपाट पडद्यावर डोंगर दाखवला तरी तो रंगवलेला असतो. खेळात उंचीवरच्या तुकडीला काही टक्के जास्त मारा मिळतो, पण खेळाडूला तो आकड्याने कळतो. रामशेजचे तसे नाही. तिथे सगळी लढाई उंचीची होती. कड्याच्या कोणत्या टोकावरून खालचा माळ दिसतो, कुठे पायथ्याजवळचा भाग कड्याच्या पोटाखाली झाकला जातो, दमदमा किती उंच केला तर किल्ल्याच्या आत नजर पोचते. हे वाकून, डोळा कड्याच्या पातळीला आणून पाहिले की एका क्षणात कळते. “आम्ही सँड मॉडेलवर गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून बघायचो. निरीक्षकाला जे दिसणार नाही त्यावर तोफ लागणार नाही. हे माऊसने शिकवून दाखव.”

पुतणीला हे नाकारता येत नाही, आणि ती नाकारतही नाही. उलट ती स्वतःच दुसरे उदाहरण देते. 1999 चा ‘होमवर्ल्ड’ हा अवकाशातला आरटीएस. तिथे जहाजे वर-खालीही जातात, पण माऊस सपाट असल्याने आधी चकतीवर जागा ठरवायची, मग शिफ्ट दाबून उंची द्यायची अशी दुहेरी कसरत करावी लागे. हातात धरलेल्या कंट्रोलरने तीच जागा हवेत सरळ दाखवता येते. 2024 मध्ये ‘होमवर्ल्ड: व्हास्ट रीचेस’ या नावाने त्या मालिकेचा व्हीआर खेळ आलाही. 2019 च्या ‘फायनल असॉल्ट’ने वेगळी युक्ती केली: जमिनीवरचे रणगाडे ठरलेल्या वाटांनी आपोआप पुढे सरकतात, आणि खेळाडू विमानाचा मार्ग हवेत हाताने काढून देतो. म्हणजे जिथे हात कमी पडतो ते काम यंत्राकडे दिले आणि जिथे तिसरी मिती कामाला येते तेवढे हाताकडे ठेवले. व्हीआरमधल्या आरटीएसची ही सर्वांत समंजस तडजोड मानावी लागेल.

“पण बघा ना काका, प्रत्येक खेळाने काहीतरी कापलंय,” पुतणी म्हणते. “कुणी तुकड्यांची संख्या, कुणी वाटा, कुणी इमारती. दोनशे माणसांची लोकसंख्या, पाच ठिकाणची शेती आणि तीन आघाड्या कुणीच ठेवल्या नाहीत. आणि सेकंदाला 90 फ्रेम्सच्या हिशेबात हेडसेटला दोन्ही डोळ्यांचं चित्र 11 मिलिसेकंदांत काढायचं असतं. तेवढ्यात शेकडो शिपायांच्या वाटाही शोधायच्या. डोक्यावरच्या चिपला ते झेपायला हवं.”

“कापलं तर कापलं,” काका. “रामशेजवर कुठे तीन आघाड्या होत्या? एक किल्ला, एक किल्लेदार, मूठभर माणसं.”

इथे वादाला वळण लागते. काका पुन्हा त्या रात्रीच्या प्रसंगाकडे येतात. किल्लेदार नकाशाच्या वर तरंगत नव्हता. तो तटावर उभा होता, काळोखात. एका बाजूने नगारे, कर्णे, आरोळ्या. दुसऱ्या बाजूने काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’वरून त्याला डाव ओळखायचा होता. हेडसेटमध्ये आवाजाला दिशा असते. मान वळवली तरी गलका जिथल्या तिथे राहतो. डावीकडे कल्लोळ आणि उजवीकडे शांतता असे खेळाडूच्या दोन कानांत ठेवता येते आणि आपली मोजकी माणसे कुठे बसवायची हे त्याच्यावर सोडता येते. हाच प्रसंग मॉनिटरवर कसा होईल? मिनीमॅपवर पश्चिमेला लाल ठिपके दाट, पूर्वेला चार ठिपके. फसवणूक पहिल्या नजरेतच संपली. धुक्याचा पडदा टाकून ते ठिपके लपवता येतील, पण मग पूर्वेकडे पाहण्याचे कारणच खेळाडूला उरत नाही.

पुतणीचे उत्तर तोलून येते. हा प्रसंग व्हीआरमध्ये उत्तम होईल, पण तो आरटीएसचा प्रसंग आहे का? 2016 च्या ‘आउट ऑफ अ‍ॅमो’ या व्हीआर खेळात वरून हुकूम देता देता एखाद्या शिपायाच्या अंगात उतरून स्वतः बंदूक चालवायची सोय होती. अशा खेळात लोक वर राहून हुकूम देण्याऐवजी खाली उतरून गोळ्या झाडण्यातच रमतात, असा तिचा अंदाज आहे, आणि एकदा माणूस खाली उतरला की व्यूहरचना मागे पडते. किल्लेदाराला तटावर उभे केले की तो किल्लेदार राहील की पहारेकरी होईल?

आक्षेप खरा आहे, पण पूर्ण नाही. किल्लेदार आणि पहारेकरी यांत फरक हातातल्या शस्त्राचा नसून हाताखालच्या माणसांचा असतो. खेळाडूच्या हाती तलवार दिली नाही, फक्त हुकूम आणि निरोपे दिले, तर तो तटावर उभा राहूनही सेनापतीच राहतो. उलट इतिहासातले बहुतेक सेनापती असेच उभे राहत. सगळे दिसणारा, सगळीकडे एकाच वेळी पोचणारा सेनापती ही पडद्याने जन्माला घातलेली चीज आहे.

नाशिककरांना या दोन नजरांतला फरक खेळाबाहेरही ठाऊक आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यात लाखोंची गर्दी रामकुंडाकडे सरकत असते. 27 ऑगस्ट 2003 रोजी पंचवटीत अरुंद उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 39 भाविकांचा मृत्यू झाला. 2015 च्या सिंहस्थात शहरभर कॅमेरे लावून नियंत्रण कक्षातून गर्दीवर नजर ठेवण्यात आली. पुतणी म्हणते, “त्या खोलीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर हेडसेट चढवून त्याला एका घाटावर उभं कराल? त्याला पन्नास पडदे एकदम दिसले पाहिजेत.” काका मान डोलावतात, पण एक गोष्ट जोडतात: घाटाच्या पायरीवर उभ्या असलेल्या हवालदाराला गर्दीचा रेटा खोलीतल्या माणसाआधी कळतो, आणि तो कसा ओळखायचा हे त्याला आधी शिकवायचे तर व्हीआरइतके सोयीचे साधन नाही. नियंत्रणाला पडदा, सरावाला हेडसेट, यावर दोघांचे जवळपास एकमत होते. पुढचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे. सराव घ्यायचा तर वेळ थोडाच उरला आहे.

मग खेळाचे काय? दोघांच्या बोलण्यातून एक आराखडा हाती लागतो. रामशेजच्या वेढ्याचा खेळ मोगलांच्या बाजूने खेळायचा असेल तर तो पडद्यावरच बनवावा. छावणीचा पुरवठा, मोर्चे, सुरुंग, दमदम्याचे लाकूड, मराठ्यांच्या फिरत्या फौजांपासून रसदेचा बचाव: एकाच वेळी दहा ठिकाणी लक्ष हवे, आणि माऊस-कीबोर्डला पर्याय नाही. किल्ल्याच्या बाजूने खेळायचा असेल तर व्हीआर. टेबल दिवसासाठी: गुडघे टेकून कड्याच्या नजरेने माळ पाहायचा, पोखरलेल्या खोडाची तोफ कुठे बसवायची ते ठरवायचे, धान्य आणि दारू मोजायची. रात्र झाली की टेबल नाहीसे आणि खेळाडू तटावर. तिथे फक्त कान, आवाजी हुकूम आणि चार-सहा तुकड्या. सामना पंधरा-वीस मिनिटांत संपावा, म्हणजे खांदे आणि डोळे दोन्ही शाबूत राहतील.

पुतणीची एक अट राहते. शेवटी किल्ला मोगलांना लढून मिळाला नाही, किल्लेदाराला पैशाने वश करून मिळाला असे इतिहासकार सांगतात. खेळात हा शेवट ठेवायचा की नाही? काका म्हणतात ठेवायचाच. हुकूम देता येणाऱ्या माणसाला लाचही देऊ करता येते, आणि ती नाकारायची की नाही हे खेळाडूने तटावर उभे राहून ठरवावे.

निवाडा द्यायचाच तर असा देता येईल. ‘एज ऑफ एम्पायर्स’ किंवा ‘स्टारक्राफ्ट’ ज्या अर्थाने आरटीएस आहेत त्या अर्थाने हा प्रकार व्हीआरला मानवत नाही, आणि हेडसेट हलका, चित्र स्पष्ट झाले तरी मानवणार नाही, कारण अडचण भिंगांत नसून लक्ष वाटण्यात आहे. एका जागेची, थोड्या माणसांची, उंच-सखल जमिनीवरची लढाई मात्र व्हीआरमध्ये पडद्यापेक्षा चांगली खेळता येईल. वेढा हा असा एक विषय आहे, आणि नाशिक-दिंडोरीच्या डोंगररांगेत तो शोधायला फार लांब जावे लागत नाही.